यादीतलं दिनानाथकाकांचं नाव

उल्हास नदीवरचं धुकं विनिताच्या हेंद्रेपाड्यात घराघरांत शिरलं होतं, आणि इकडे अंबरनाथच्या एमआयडीसीत त्याला केमिकलचा आंबूस वास लागला होता. विनिता नाकाला ओढणी लावूनच रिक्षातून उतरली. सर्व्हर रूमबाहेर चपला काढल्या, एसीची जाळी उतरवून बादलीत भिजत टाकली आणि मग खुर्चीत बसली. दहा वर्षांत हा क्रम कधी चुकला नव्हता.

औषधांच्या त्या कारखान्यातली अठ्ठावीस मशिनं एका काळ्या पेटीला जोडलेली. पेटीसमोर बसलं की सगळ्यांवर हात फिरवता येतो. कोणाला कुठलं मशीन उघडायची मुभा, बाहेरून कोणाचा लॅपटॉप जोडलेला, ही यादी विनिताच्या ताब्यात. शिफ्टवरचा प्रीतम तिला म्हणायचा, "ताई, तुम्ही इथल्या तलाठी. तुमच्या सातबाऱ्यावर नाव नाही, त्याला आत एंट्री नाही."

आज तिनं पेटी उघडली आणि ती चमकलीच. मशीन नंबर चौदा, पहाटे पाच बावन्नला बंद करून पुन्हा चालू. करणारा : दिनानाथ.

पहाटे घरून मशिनांचे आकडे बघणाऱ्या दिनानाथकाकांना जाऊन अडीच महिने झाले होते. दहाव्याला विनिता स्वतः नदीवर कावळा शिवेपर्यंत ताटकळत उभी होती.

"च्यायला, भूत लॉगिन करतंय काय?" मागून डोकावणारा प्रीतम पुटपुटला.

चौदा नंबर म्हणजे इंजेक्शनांच्या कोल्ड रूमचं तापमान नोंदवणारं मशीन. त्यात अकरा मिनिटं कोरी. तेवढ्यात कारखान्याचे मॅनेजर शशिकांतसाहेब दारात. "नोंद तुटली म्हणून अख्खा माल अडकलाय, मॅडम. बारापर्यंत मला माणूस सांगा. बाहेरचं कोणी घुसलं असेल तर तुमची खुर्ची राहत नाही."

काका गेल्याच्या तिसऱ्या दिवशीच त्यांचं नाव काढायची मेल आली होती. बोट बटणापर्यंत गेलं आणि मागे आलं. तिच्या घरी गेलेल्या सासऱ्यांच्या नावाची पाटी सासूनं, सखूबाईनं, दारावरून हलवू दिली नव्हती. "वरीस भरल्याबिगर नाव पुसाचा नाय," म्हणायची. विनितानं तोच नेम इथं पाळला होता.

तिनं यादी खाली सरकवली. बाहेरून जोडलेल्यांत एक ओळ होती : दिनानाथ, घरचा टॅब. तिनं शिरगावला कुंदाकाकूंना, काकांच्या बायकोला, फोन लावला.

"काकू, काकांचा तो टॅब कुठंय?"

"हा काय, समोरच आहे. का गं?"

"सकाळी कोणी उघडलेला?"

"कोणी म्हणजे? मीच. रोजच उघडते, आकडे बघायला."

"तुम्हाला पासवर्ड..."

"अगं, शेवटची दोन वर्षं त्यांना दिसत होतं कुठे? साखरेनं डोळे घेतले. कंपनीत कळलं तर काम काढून घेतील म्हणून बोलले नाहीत. पहाटे आकडे मी वाचायचे, बटणं मी दाबायचे. हे बशीत चहा ओतत नुसतं 'हं' म्हणायचे, आणि तुला फोन."

पहाटेचे ते फोन! 'विनिता, चौदा अर्ध्या डिग्रीनं चढलंय, बघ.' नव्या पोरांना ती सांगायची, काकांची नजर बघा. ती नजर काकूंची होती.

"आणि आज?"

"आज आकडा पाचावर चिकटून बसला, हलेना. असं झालं की ते म्हणायचे, बंद करून चालू कर. मी केलं. माझं काही चुकलं का गं?"

विनितानं चौदाची मागची नोंद उघडली. चार चाळीसपासून पाच, पाच, पाच. मशीन सव्वा तास मेलेलं होतं, आणि शिफ्टवरच्या एकालाही पत्ता नव्हता. प्रीतमनं मान खाली घातली.

"तुमचं नाही, काकू. माझं चुकलं," ती म्हणाली.

बाराची वाट न बघता तिनं शशिकांतसाहेबांना सगळं सांगितलं, स्वतःच्या नेमासकट. साहेब ऐकता ऐकता खुर्चीत टेकले.

"म्हणजे आपली कोल्ड रूम दोन वर्षं शिरगावातल्या एका बाईनं सांभाळली?"

"हो साहेब."

त्यांनी कोल्ड रूममधून तापमानाचा गोल कागद मागवला. मशीन बंद असलं तरी त्यावर सुई वेगळी रेघ ओढत असते. ती सरळ होती, माल वाचला होता. "नाव आत्ता काढा," ते म्हणाले. "माझ्यासमोर. टॅबपण. तुम्हाला मेमो मिळेल. आणि उद्यापासून पहाटे आकडा कोण बघणार, ते लिहून द्या."

"मी बघीन. घरून."

विनितानं बटण दाबलं. 'नक्की काढायचं?' पेटीनं विचारलं. तिनं पुन्हा दाबलं. यादी एका ओळीनं वर सरकली.

साहेब गेल्यावर ती बाहेर आली. बादलीतलं पाणी काळं झालं होतं. तिनं बाह्या वर सारल्या आणि एसीची जाळी घासायला घेतली.