दोघांचा एकच पाढा

मेलबर्नच्या माझ्या नातवाने एका रविवारी जाहीर केले, "आजी, मी आता फोनवर येणार नाही. तू माझं ऐकतच नाहीस." ते कसे घडले आणि मी संशय कोणावर घेतला, हे तुम्हा दोघांना माझ्याकडूनच कळलेले बरे. तुमच्या आयांना अर्धेच माहीत आहे.

आपला नेम तुम्हाला ठाऊक आहे. रविवारी सकाळी आपला तिघांचा व्हिडिओ फोन लागला की आधी पाढा, मग गप्पा. मी शिकले इंग्रजी शाळेत, पण पाढे वडिलांनी घरी मराठीत घोकून घेतले. फोनवर ते फार उपयोगी पडतात. पुढचा आकडा मला आधीच माहीत असतो, त्यामुळे कुठे आवाज कापला, कुठे घुमला ते लगेच कळते, आणि त्या बेताने मी फोन कानाशी धरते किंवा बाल्कनीत जाते. पूर्वी तुम्ही एकामागून एक म्हणायचात. मग टोरांटोच्या नातीने तक्रार केली, "नेहमी तोच पहिला का?" मला पक्षपाताचा आरोप चालत नाही. मी नियम केला: दोघांनी एकच पाढा, एकाच वेळी.

त्याच सुमारास वरच्या खोलीत भाड्याने राहणाऱ्या मुलीने गच्चीत एक पाटी लावली. मुलगी सावली गावची, गुजराती, मला 'बा' म्हणजे आजी म्हणते, इथे फतेगंजात राहून विद्यापीठात अँटेनांवर संशोधन करते. कॅरमबोर्डाएवढी पाटी, तिच्यावर ओळीने तांब्याचे चौकोन, आणि मागून निघालेल्या वायरींचा गुंता. विचारले तर म्हणाली, "बा, हा मोबाइलचा छोटा टॉवर समजा. खूप अँटेना एकसाथ ऐकतात." काय ऐकतात, हे मी मनात ठेवले.

समोरच्या वहिनींनी मनात ठेवले नाही. "ऐकतात म्हणजे? ध्यान ठेवा हो. हल्ली सभ्य चेहऱ्याचीच माणसं असली कामं करतात."

"तुमचं ऐकून तिला काय मिळणार?"

"माझं नाही, तुमचं! परदेशी फोन तुमच्याकडे येतात."

त्यानंतर रविवार बिघडू लागले. सतराच्या पाढ्यात दर वेळी 'सतरा आठे'ला 'एकशे छत्तीस'ऐवजी 'एकशे सव्वीस' ऐकू यायचे. मी नातवाला टोके, कारण घाई त्याचीच असते. तो म्हणे, "मी बरोबर म्हटलं!" मी म्हणे, "कानांनी ऐकलं मी." अशा चार-दोन रविवारांनंतर त्याने ते जाहीर केले.

नातू तुटतो आहे हे कळल्यावर माझी सभ्यता संपली. वर जाऊन मुलीला सांगितले, "तुझ्या त्या पाटीने माझा फोन खराब होतो. महिनाअखेर खोली रिकामी कर."

ती गोरीमोरी झाली. "पण रविवारी मी ती बंद ठेवते, बा."

"असं तू म्हणतेस."

त्या रविवारी लेकीने नातवाला 'शेवटचं एकदा' म्हणून फोनसमोर बसवले. तेवढ्यात मुलगी खाली आली. पाटीचा प्लग वायरीसकट काढून तिने माझ्या मांडीवर ठेवला. "आता पकडून बसा," म्हणाली, आणि स्वतः दाराशी उभी राहिली. मी प्लग मुठीत धरला. तिच्याकडे दुसरा नसेलच कशावरून, हेही मनात आले.

सतरा सुरू झाला. सतरा आठे... एकशे सव्वीस.

"पुन्हा चुकलास!"

"आजी!" नातू ओरडला.

मुलगी पुढे आली. "बा, दोघं एकच का बोलतात?"

"कोणाला पुढे-मागे नको म्हणून."

ती हसू दाबत म्हणाली, "हाच तर माझा प्रॉब्लेम! टॉवरला पण आधी माहीत असतं फोन सुरुवातीला काय म्हणणार. तुमच्या पाढ्यासारखं. जे येतं ते त्याच्याशी मेळवून तो ओळखतो, मधल्या भिंतींनी काय बिघडवलं. पण पाढे थोडे, फोन खूप. म्हणून तिकडे लांब तरसालीचा फोन आणि इथला फतेगंजचा फोन एकच पाढा म्हणतात. टॉवरच्या कानात दोन्ही मिसळतात. मग तो तरसालीला द्यायचं उत्तर फतेगंजकडे पण फेकतो."

"मग तुम्ही काय करता?"

"शेजाऱ्यांना वेगळे पाढे वाटून देतो. पुरत नाहीत, तिथे कोण कुठल्या दिशेने बोलतो त्यावरून वेगळे करतो. ते अजून नीट जमत नाही. म्हणून तर पाटी."

मला तिचे पटले असे म्हणणार नाही. पण करून पाहायला काय हरकत? सतरा नातीकडे ठेवला, नातवाला एकोणीस दिला. तरी दोघांनी एकदमच म्हणायचे, नियम तो नियम.

एकोणीस आठे एकशे बावन्न, एकोणीस नव्वे एकशे एकाहत्तर, एकोणीस दाहे एकशे नव्वद. नातवाची गाडी कुठे अडली नाही. आणि त्याच्या आकड्यांमधून, टोरांटोहून, गोड आवाजात, ठाम: सतरा आठे एकशे सव्वीस.

बाई गं, ती तू होतीस. आणि बोलणी तो खात होता.

"चूक तुझी नव्हती रे," मी त्याला म्हणाले. "मी तिच्यासाठीचं तुझ्याकडे फेकत होते."

"मी किती वेळा सांगितलं," तो म्हणाला. आवाज रडवेला होता, पण फोन ठेवला नाही. नात मात्र तेवढ्यात पाणी प्यायला गेली आणि बराच वेळ आली नाही.

मुलीला मी प्लग परत दिला आणि म्हटले, "खोलीचं राहू दे. राहा तू." संध्याकाळी गच्चीत जाऊन पाटीचे तोंड पेरूच्या झाडाकडेच आहे ना, आमच्या बाल्कनीकडे नाही ना, एवढे पाहून आले.

पुढच्या रविवारी नातू सगळ्यांच्या आधी हजर. "आज मी एकोणतीसचा म्हणतो. तो तिला येतच नाही." त्याने तो सरळ म्हणून टाकला. इतका सरळ, की समोर कागद धरला असावा असे वाटून मी म्हटले, "छान. आता दोन्ही हात वर कर, डोळे मीट, आणि पुन्हा म्हण."

त्याने हात वर केले. हसत होता. पुन्हा म्हटला, आणि 'एकोणतीस साते'ला अडला. मला फार बरे वाटले.