चिरता न येणारी मिरची

काच वितळवून वस्तू घडवणं हा माझा उद्योग. गच्चीवरच्या खोलीत गॅसच्या ज्योतीवर रंगीत काचेच्या कांड्या धरायच्या आणि मऊ झाल्या की ओढायच्या, वळवायच्या. एकदा प्रदर्शनासाठी हिरवी मिरची करायला घेतली. मिरचीचं अंग चार दिवसांत जमलं. देठाने मात्र तीन आठवडे छळलं. वाकवताना तडकायचा, नाहीतर छत्रीच्या मुठीसारखा दिसायचा.

अखेर एक मनासारखी झाली. रंग ताडून बघायला ती हडपसरच्या मंडईत नेली आणि नेहमीच्या भाजीवाल्या मावशींच्या ढिगात ठेवली. मावशी वाकून बघत राहिल्या. "यातली तुमची कंची हाय?" मी बोटाने दाखवली.

तेवढ्यात आमच्या खालच्या मजल्यावरचे काका आले. खडकीच्या कारखान्यात त्यांनी जन्मभर माल तपासला होता. आता ते भेंड्या तपासत. एकेकीचं टोक मोडून पाव किलो निवडल्यावर ते सवयीने म्हणाले, "वर चार मिरच्या टाका."

मावशींनी माझ्याकडे बघितलं. मी मान हलवून नको म्हणायला हवं होतं. मी कोथिंबीर निवडायला लागले.

"जपून हं काका," मिरच्या त्यांच्या पिशवीत टाकत मावशी म्हणाल्या, "लई कडक हाय."

घरी येताना मात्र मनात आलं, काकूंनी ती मिक्सरमध्ये घातली तर? धावतच जाऊन बेल वाजवली. काकू चाकू घेऊनच दारात आल्या.

"बघा हो, ही मिरची चिरलीच जात नाहीये!"

आत काका भिंग लावून मिरची तपासत होते. मी सगळं कबूल केलं, मावशींचं नाव न घेता. त्यांनी मिरची उजेडात धरून फिरवून बघितली.

"देठ बरा जमलाय," शेवटी म्हणाले.

"मग परत देता ना? प्रदर्शन आहे माझं."

"का म्हणून? भेंडीवर मिळालेली आहे."

प्रदर्शनात मी मिरचीच्या जागी वांगं ठेवलं. तसा देठ मला पुन्हा साधला नाही. म्हणून अधूनमधून वही-पेन्सिल घेऊन खाली जाते. काकू चहा टाकतात. काका शोकेसचं कुलूप काढतात, मिरची रुमालावर ठेवतात आणि मला बजावतात, "लांबून बघा. काच आहे."