सगळ्यांसमोर घेतलेली गोळी

जायफळ घातलेल्या कॉफीचा वास आला की शनिवार पेठेतल्या आमच्या घरातली ती संध्याकाळ आठवते. अमेरिकेतल्या कॉम्प्युटर इंजिनियरच्या घरचे मला बघायला आले होते. आईने बजावलं होतं, "गोळी ते गेल्यावर घे." पण वेळ झाली तशी मी सगळ्यांसमोर घेतली. "कसली गं?" मुलाच्या आईने विचारलं. "व्हिटॅमिनची," आई घाईने म्हणाली. "नाही, डिप्रेशनची," मी म्हणाले. "हिच्यामुळेच पुन्हा नोकरीवर जायला लागले." बाईंनी कप खाली ठेवला. "हे आधी सांगायला हवं होतं." बाबा शांतपणे म्हणाले, "अहो, मी बीपीची घेतो. तेही सांगायचं राहिलंच." स्थळ गेलं. आई आठवडाभर माझ्याशी बोलली नाही. मी मात्र त्यानंतर गोळी कधीच लपवली नाही, आणि आता ऑफिसातल्या नव्या मुलींसमोर तर मुद्दाम घेते.