सात कोरे दिवस

विद्यापीठाच्या मागच्या अंगाला, जाळीच्या कुंपणात, एक पांढरी लाकडी पेटी आहे. तिच्यातले तापमापक सकाळी साडेआठला आणि दुपारी अडीचला वाचायचे आणि आकडे वहीत उतरवायचे, हे एकच काम पारेकाकांनी एकतीस वर्षं केलं. हे नाव तापमापकातल्या पाऱ्यावरून पडलेलं; खरं नाव हजेरीपटावर असेल, पण विचारतो कोण!

माणूस सरळ, आणि म्हणूनच साहेबलोकांच्या डोक्याला ताप. अठरा वर्षांपूर्वी नव्या विभागप्रमुखांनी या वह्यांवरून संशोधनलेख लिहायला घेतला, तेव्हा एका जुन्या वर्षात सात दिवसांच्या जागा कोऱ्या निघाल्या. मागच्या-पुढच्या दिवसांवरून अंदाजे भरून टाका, कुणाला कळतंय, असं साहेब म्हणाले.

"जे मी पाहिलं नाही ते मी लिहिणार नाही," काका म्हणाले.

लेख कोऱ्या जागांसकट छापावा लागला. साहेबांनी काकांशी बोलणंच टाकलं.

तेच साहेब पुढे कुलगुरू झाले. यंदा त्यांनी संशोधनाचा आढावा काढला: कुणाचे किती लेख निघाले आणि जगात किती जणांनी त्यांचा आधार घेतला. ज्याच्या नावावर लेख नाही ते बंद, असा खाक्या. पेटीच्या नावावर कुठला लेख असणार? तिथे गाड्या लावायचं जवळजवळ ठरलं. काकांना घास गोड लागेना. नोकरी तशीही वर्षभराचीच उरली होती, पण वही मध्येच तुटणार हे त्यांना सोसवत नव्हतं.

बैठकीत त्यांना दाराजवळची खुर्ची मिळाली. ग्रंथपालबाईंनी यादी वाचली. सगळ्यात जास्त आधार घेतलेला लेख साहेबांचाच, दोनशे बारा ठिकाणी. साहेबांची कळी खुलली. मग बाईंनी चष्मा सावरून, लोकांनी तो का निवडला तेही वाचलं. बहुतेकांनी एकच लिहिलं होतं: या नोंदींत न पाहिलेला दिवस कोरा ठेवला आहे, म्हणून बाकीच्या दिवसांवर भरवसा ठेवता येतो.

साहेबांचा चेहरा उतरला. त्यांनी बंद करायच्या यादीतली पेटीची ओळ स्वतःच्या हाताने खोडली आणि काकांकडे पाहिलं.

"त्या सात दिवसांत तुम्ही होता कुठे?"

"हॉस्पिटलात, बायकोच्या उशाशी," काका म्हणाले. "सातव्या दिवशी ती गेली. आठव्या दिवसापासून नोंद आहे, साहेब."