आत्याचं हिरवं लुगडं आणि चार प्लग

आत्या वारली त्या सकाळी आमच्या पिकअपच्या चारही स्पार्क प्लगना कुंकू लावलेलं होतं. लावणारा मीच.

पिकअप जुनी, पेट्रोलवरची. चढ दिसला की आचके द्यायची. प्लग बदलायचे ठरताच भावकी सल्ले द्यायला जमली. कशेडी घाटात जन्म घालवलेला चुलतभाऊ म्हणाला, "लांब दांड्याचे घे, ठिणगी मोठी पडते." (त्याचा ट्रक डिझेलचा. त्याला प्लगच नसतात!) महाडच्या दुकानदाराने विचारलं, "जुना आणलाय का मापाला?" मी करंगळी पुढे केली. त्याने तिच्याकडे अशा काही नजरेने पाहिलं, की मी मुकाट घरी येऊन जुना प्लग काढला, परत गेलो आणि अगदी तसेच चार घेऊन आलो. आयुष्यात एवढी एकच गोष्ट मी नीट पारखून घेतली. (बायको हे वाचणार आहे, म्हणून पुढे बोलत नाही.)

नवी वस्तू कुंकू लावल्याशिवाय वापरायची नाही, ही घरची रीत. बाबा म्हणाले, "स्टेरिंगला लाव नि सोड."

"बाबा, ठिणगी पडते तिथंच लावायला हवं!"

पाण्यातलं कुंकू वाळून झडेल म्हणून मी ते एरंडेलात कालवलं आणि प्रत्येक प्लगच्या टोकाशी, ठिणगीच्या त्या बारीक फटीत, बोटाने दाबून भरलं! प्लग बसवले, जुने ओढ्यात भिरकावले. गाडी सुरू करायचा मुहूर्त दुसऱ्या सकाळचा काढला.

मुहूर्ताआधी फोन आला. पोलादपूरच्या वर, डोंगरातल्या वाडीत दिलेली बाबांची एकुलती बहीण पहाटे गेली होती. बाबा ओट्यावर बसले ते बसलेच. आमच्याकडे सासरी बाई गेली की माहेरचं लुगडं अंगावर पडल्याशिवाय तिला उचलत नाहीत. आत्या सवाष्ण गेलेली, म्हणजे लुगडं हिरवं हवं. आईने पेटीतलं नवंकोरं काढून बाबांच्या हातात दिलं. ते पोचवायचं काम माझ्याकडे आणि माझ्या गाडीकडे!

गाडी एकदाची सुरू झाली, पण खोकत. आमच्या वरंधपासून महाडपर्यंत ती दोन प्लगवर चालली असावी, पुढे श्रद्धेवर. पोलादपूरच्या बाजारात तिने सायलेन्सरमधून असे बार काढले, की एका दुकानदाराने बाहेर येऊन विचारलं, "वरात कुनाची?"

बाबा खिडकीतून म्हणाले, "बहीन गेली माझी." तो बिचारा हात जोडून आत गेला. मला सीटखाली शिरावंसं वाटलं.

आणि मला शिरावंच लागलं! वाडीखालच्या चढावर गाडीने दम सोडला. तेवढ्यात आत्याच्या जावेचा फोन.

"कुटं हाव तुमी? मुंबईची मानसं कवाची आली. लुगड्याबिगर बाईला हलवता येत नाय!"

"आलोच," असं म्हणताना बाबांचा आवाज फाटला. "अरे, माझ्या बहिनीला ताटकळत ठेवलं रे तू!"

आमच्या गाडीचं इंजिन सीटखाली. बाबांना उतरवलं. त्यांनी लुगडं पुढच्या काचेपाशी ठेवलं आणि ते चढ बघत उभे राहिले. मी सीट उचलून आत डोकं घातलं. पहिला प्लग काढला, तर टोकाला काळा-लाल चिखल! दुसराही तसाच. घाम डोळ्यांत उतरलेला, कानात बाबांचे हुंदके. फडकं कुठेतरी असणारच म्हणून मी मान न वळवता हात वर केला. कापड लागलं. चारही प्लग मन लावून, फटीत कोपरा घालून, लख्ख पुसले. मऊ होतं कापड.

गाडी पहिल्या फटक्याला सुरू झाली! मी विजयी मुद्रेने वळलो, तर बाबा माझ्या हाताकडे बघत होते. हिरव्या पदरावर तळहाताएवढा काळा-लाल डाग. त्यांनी लुगडं माझ्या हातातून घेतलं आणि डाग आत जाईल अशी घडी घातली. त्यापेक्षा त्यांनी मला मारलं असतं तर बरं झालं असतं.

अंगणात सगळी वाडी उभी होती. आत्याच्या जावेने लुगडं उलगडलं आणि थबकली.

"ह्यो कसला डाग गो बाय?"

मी काळे हात पाठीमागे लपवले. शेवटी बाबाच म्हणाले, "पोरानं गाडी पुसली."

आत्याचे यजमान, म्हणजे आमचे मामा, तिच्या उशाशी बसले होते. त्यांनी लुगडं हातात घेतलं, डागावरून अंगठा फिरवला. म्हणाले, "नेसवा. भाच्याचा हात हाय. वळकंल ती."

तोवर कोरडा राहिलेला मी तिथेच लहान पोरासारखा रडलो. बायका म्हणाल्या, "किती गो जीव भाच्याचा!" जीव होताच, पण डोळे चोळताना हाताचं ऑइलही आत गेलं होतं, आणि मी आंधळ्यासारखा हात पुढे करून "फडकं द्या, फडकं द्या" म्हणत फिरत होतो, तेव्हा अंगणातली प्रत्येक बाई आपला पदर सावरून मागे सरकत होती.