नळाचं फडकं

ऐंशीच्या दशकात मी भिलाईच्या फिल्टर प्लांटमध्ये केमिस्ट होते, आणि कॅम्प-१ मधल्या आमच्याच नळाला आई पावसाळाभर फडकं बांधायची. "पाणी साफ कराची नोकरी तुही, अन् फडकं मले बांधा लागते," असं ती आल्यागेल्यासमोर म्हणायची. मला तोंड वर करायची सोय नव्हती.

आमचं काम म्हणजे वरातीमागून घोडं. कालव्याचं पाणी गढूळ आलं की सहा बीकरमध्ये तुरटी कमीजास्त घालून डोस ठरवायचा; तोवर निम्मा गाळ नळांपर्यंत पोचलेला. म्हटलं, पाऊस मोजू आणि डोस आधीच वाढवू. गच्चीवर पर्जन्यमापक बसवला. एकदा दिवसभर धो धो पडला, मी तुरटी दुप्पट करवली, आणि पाणी आलं स्वच्छ. उलट एका साध्या सरीनंतर चहासारखं आलं.

आमचे साहेब नागपूरचे. "बाई, पाऊस मोजून राहिल्या का भविष्य सांगून राहिल्या? आणखी एक डाव देतो. चुकलं तर ते यंत्र काढा."

मी पाऊस-गढूळपणाच्या नोंदींची वही आपटली. फिल्टर बेड धुणारे काका कुरुदचे, घरी धानाची शेती. ते शांतपणे छत्तीसगढीत म्हणाले, "बरसा ल झन नापव मैडम, बियासी ल देखव."

म्हणजे पाऊस नका मोजू, बियासी बघा. धान वीतभर वाढलं, उघडिपीनंतर बांधीत, म्हणजे भातखाचरात, पाणी साचलं, की उभ्या पिकातूनच नांगर फिरवतात, ती बियासी. पाण्याची वाट बघत बसलेली सगळी गावं एकदमच नांगर घालतात, आणि चिखल ओढ्यांनी कालव्यात! वही उघडली. दोन वर्षांतले सगळे गढूळ दिवस उघडीप संपल्यावरचेच निघाले. मला नाचावंसं वाटलं.

पुढच्या श्रावणात उघडिपीनंतर सर आली तशी सायकल काढली आणि कालव्याकाठच्या वरच्या गावी गेले. नांगर चालूच होते. बाटलीभर चिखलपाणी आणलं, प्लांटच्या पाण्यात मिसळलं, सहा बीकर मांडले. गाळ यायच्या आधीच डोस हातात! साहेबांनी खिडकीबाहेर पाहिलं.

"उन्हात तुरटी वाढवू?"

"वाढवा," मी म्हटलं.

दुसऱ्या दिवशी कालवा मातकट आला. ड्युटी संपताच घरी पळत सुटले. आई नळाखाली पेला धरून उभी होती. तिने तो उजेडात धरून पाहिला. मग नळाचं फडकं सोडलं, पिळलं आणि त्याने ओटा पुसायला घेतला.