राउटरचं कव्हर

मंगळवारी सकाळी ही गेली. दवाखान्यातून फोन आला तेव्हा मी फतेगंजच्या नाक्यावर रिक्षा शोधत होतो.

त्यानंतर दोन महिन्यांनी राउटर बिघडला. हे लिहिताना माझं मलाच चमत्कारिक वाटतं, पण त्या दोन महिन्यांत मी खऱ्या अर्थाने ज्यात लक्ष घातलं असं काम म्हणजे तो राउटरच.

आमच्या घरात उघडी वस्तू सापडणं कठीण होतं. मिक्सरला कव्हर, टीव्हीला कव्हर, शिलाई मशीनला कव्हर, रिमोट प्लास्टिकच्या पिशवीत. राउटर आला त्याच आठवड्यात हिने जुन्या पडद्याच्या उरलेल्या निळ्या कापडाचं त्याला कव्हर शिवलं. दोन अँटेना बाहेर याव्यात म्हणून वर दोन काजं केली. घडियाळी पोळाच्या बाजारात जाऊन पांढरी फीत आणली आणि मागे बांधायला दोन बंद लावले. कव्हर चढवल्यावर राउटर सशासारखा दिसायला लागला.

"अगं, यंत्राला श्वास घ्यायला जागा लागते," मी म्हणालो.

"मलाही लागते. तुम्ही जरा बाजूला व्हा, मला झाडायचंय."

"गरम होऊन जळेल तो."

"बडोद्याची धूळ तुम्हाला पुसावी लागत नाही, म्हणून बोलताय."

मी जन्मभर ग्रंथालयात नोकरी केली, पण धूळ पुसायला तिथे शिपाई होता.

मग दोन वर्षं आमचा एक मुका खेळ चालला. दुपारी ही आडवी झाली की मी कव्हर काढायचा. चहाच्या वेळेपर्यंत ते पुन्हा चढलेलं असायचं. मी सहज काढू नये म्हणून ही मागे निरगाठ मारायची, आणि तीही अशी की नखं हरत. मी काट्या-चमच्यांतला काटा घेऊन ती सोडवायचो. एकदा ही डोळे मिटूनच म्हणाली, "काटा नंतर धुऊन ठेवा."

दवाखान्यात जायच्या दिवशी बॅग खाली गेली होती, रिक्षावाला हॉर्न वाजवत होता, आणि ही दारातून परत फिरली. मला वाटलं चष्मा राहिला. पाहतो तर राउटरसमोर उभं राहून कव्हर बांधतेय! "आता तरी राहू दे," मी म्हणालो. "झालं, झालं," म्हणाली आणि पुढे निघाली.

राउटर पुस्तकांच्या कपाटावर असतो, गाठ भिंतीच्या बाजूला. दवाखान्यातून एकटा परत आल्यावर मी त्या गाठीला हात लावला नाही. हिच्या हातची तेवढीच एक गोष्ट घरात जशीच्या तशी बांधलेली होती. बाकी सगळं पाहुण्यांनी आवरून टाकलं होतं.

मुलगी परदेशात असते. रोज संध्याकाळी व्हिडिओ कॉल करते. एके दिवशी बोलता बोलता तिचा चेहरा गोठला, मग चौकोन चौकोन झाला, मग गेला. आमच्या इमारतीत मोबाइलची रेंज फक्त गॅलरीत मिळते. मी गॅलरीत गेलो.

"बाबा, दिवा लाल आहे की हिरवा?"

"लाल. कापडातून नीट दिसत नाही, पण लालच."

"बंद करा, दहापर्यंत मोजा आणि चालू करा."

मी भिंतीवरचं बटण बंद केलं, सावकाश दहा मोजले, चालू केलं. चाललं! चाळीस मिनिटांनी पुन्हा लाल.

मी एक वही केली. डाव्या बाजूला वेळ, उजव्या बाजूला उपाय. वायर काढून घातली. प्लग शेजारच्या सॉकेटमध्ये लावून पाहिला. कपाटाच्या वरच्या ओळीतले शब्दकोश खाली उतरवले, कारण जाड पुस्तकांनी लहरी अडत असतील असा माझा तर्क होता. सकाळी गारव्यात राउटर तासभर चाले, दुपारी दहा मिनिटं. वही नुसती वाचली असती तरी कुणालाही कारण कळलं असतं. मलाही कळलं होतं. चौथ्या दिवशी मी राउटरसमोर टेबलफॅन लावला.

फॅनच्या जोरावर कॉल लागला आणि मुलीने मागचं दृश्य पाहिलं.

"बाबा! राउटरला पंखा? कव्हर काढलंत ना?"

"हो, हो."

"मग ते निळं काय हलतंय?"

मी फोन दुसरीकडे वळवला. ती म्हणाली, "कंपनीला फोन करा, बाबा. माणूस बोलवा."

माणूस दुसऱ्या दिवशी अकराला आला. पन्नाशीचा, जाड भिंगांचा चष्मा, रोज डभोईहून येजा करणारा. कपाटासमोर उभा राहून त्याने आधी मनसोक्त हसून घेतलं आणि याला हे काय घातलंय म्हणून गुजरातीत विचारलं.

"काका, आ शुं पहेराव्युं छे? ठंडी लागे छे एने?"

मग त्याने वरून हात ठेवला आणि झटकन मागे घेतला. "आ तो तवी थई गई! रोटली शेकाय." त्याने स्वतःच्या पिशवीतला अ‍ॅडॉप्टर लावून पाहिला. दिवा लालच. राउटर कायमचा गेला होता. नवा त्याने आणला होता, पण जुना कंपनीला परत द्यायचा होता.

"कातर आपो ने, काका. गाठ कापी नाखुं."

"ना, ना," मी म्हणालो. जरा मोठ्यानेच म्हणालो असेन, कारण तो दोन पावलं मागे सरला.

मी स्वयंपाकघरातून काटा आणला. राउटर उचलून टेबलावर ठेवला आणि दोन महिन्यांत पहिल्यांदा त्याची पाठ माझ्याकडे केली.

फितीचं एक टोक लांब होतं, एक आखूड. मी लांब टोक धरून हलकेच ओढलं. गाठ सुटली. काटा हातात तसाच राहिला.

"लो, आटलुं ज हतुं?" तो म्हणाला. एवढंच होतं खरं.

ती सरगाठ होती. दोन वर्षांत हिने सरगाठ एकदाही मारली नव्हती. घाई असेल. रिक्षावाला हॉर्न वाजवत होता. पण निरगाठ मारायला तिला कधी जास्त वेळ लागत नसे, हेही मला माहीत आहे.

तो माणूस कव्हर हातात घेऊन चष्म्याजवळ नेऊन पाहत होता. काजं हाताची आहेत का, असं त्याने विचारलं. मी हो म्हणालो. त्याने त्याची घडी केली, चांगली चौकोनी, आणि मला दिली. नव्या राउटरला चार अँटेना होत्या.

संध्याकाळी मुलीचा चेहरा इतका स्वच्छ दिसला की तिच्या कानातले डूल मोजता आले असते. तिने माझ्या मागे पाहिलं, पण पंख्याबद्दल काही विचारलं नाही. "जेवलात का, बाबा?" एवढंच म्हणाली.

काटा मी धुऊन जागेवर ठेवला. नवा राउटर उघडा असतो. त्याच्यावरची धूळ मी रोज पुसतो. कव्हर शिलाई मशीनच्या खणात आहे.